पिवळ्या बल्बखालचा लाल

भाऊ,

तुझ्या खुर्चीवर बसले आहे. माऊस हातात आहे आणि बोट मी मुद्दाम वर उचलून धरलंय, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. समोर आपली शेवटची खोली उघडी आहे. भिंतभर लाल चित्र, खाली ओळीने रंगाचे बारा डबे, कोपऱ्यात स्टुलावर तो म्हातारा रखवालदार. एकच संधी उरली आहे. चुकीचा डबा उचलला तर म्हातारा आपल्याला बाहेर काढणार, खेळ पुन्हा पहिल्या दारापासून सुरू होणार, आणि वरच्या कोपऱ्यातली ती छोटी वही, जिच्यात तू सहा महिने टिपणं लिहिलीस, ती कोरी होणार. हे तूच मला इंग्रजीतून वाचून सांगितलं होतंस, एकेका शब्दावर बोट ठेवून.

परवा तुझी तेरवी झाली. आज सकाळच्या गाडीने मुग्धा वहिनीला घेऊन पुण्याला गेली. नाचणगावच्या या घराची किल्ली माझ्याकडे आहे. जाताना मुग्धा म्हणाली, आत्या, पुढच्या वेळी आले की कॉम्प्युटर घेऊन जाईन, तोवर तुझं काय राहिलं असेल ते करून घे. खेळ तिनेच बसवून दिलेला, त्यामुळे काय राहिलंय ते तिला ठाऊक होतं. तुझ्या पोरीला बापासारखंच अर्धं बोलायची सवय आहे.

लिहिताना तरी शाळेची भाषा लिहीत जा, असं तू मला जन्मभर सांगितलंस. म्हणून शेजारी तुझीच एक चित्रकलेची वही उघडून हे शाळेच्या भाषेत लिहितेय. मध्येच राग आला तर आपली भाषा येईल. येईलच. मला तुझा राग आलेला आहे, माझाही आलेला आहे, आणि कुणाचा जास्त ते अजून ठरत नाही.

क्लिक करायच्या आधी सगळं पहिल्यापासून आठवायचं, हा तुझा नियम होता. तो पाळते.

दिवाळीत मुग्धाने हा खेळ आणला. तू निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि घरात नुसता येरझाऱ्या घालायचास. परदेशातलं एक म्युझियम, सगळी आधुनिक चित्रं, ते कायमचं बंद व्हायच्या दिवशी आपण आत अडकतो. दिसेल त्यावर क्लिक करायचं, वस्तू उचलायच्या, एकीला दुसरी जुळवायची आणि एकेक खोली सोडवत बाहेर पडायचं. दोन खोल्या तू एकट्याने केल्यास. तिसरीत अडकलास तेव्हा मला दुकानात फोन केलास आणि म्हणालास, "सुमे, मले अक्कल आहे पण तुले डोळे आहेत. येत जाय दुपारची."

पुलगावात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. मी शटर पाडायचे, स्कूटी काढायचे आणि दहा मिनिटांत या खोलीत. वहिनी ताकाचे दोन ग्लास ठेवायची आणि दारातूनच म्हणायची, दोघांची वयं मिळून एकशे दहा, अन् खेळ पहा यांचे. माऊस नेहमी तुझ्या हातात. मी शेजारी लोखंडी खुर्चीवर, पडद्याला नाक लावून. काय दिसते ते सांगत जा, म्हणायचास, काय असावं ते सांगू नको.

चित्रांवरून आपलं कधी पटलंच नाही. बाबांचं कापडाचं दुकान तू नाकारलंस, ब्रश धरलास आणि शाळेत चित्रकलेचा मास्तर झालास. दुकान माझ्या गळ्यात पडलं. मी त्याचं मॅचिंग सेंटर केलं, बायकांच्या साड्यांना ब्लाऊजपीस जुळवून देता देता माझे केस पांढरे झाले, माझा संसार त्या दुकानाशीच झाला. याचा राग होता मला, आता खोटं कशाला बोलू. म्हणून त्या म्युझियममध्ये उलट्या टांगलेल्या खुर्च्या दिसल्या, नुसती एक दोरी दिसली, काचेच्या पेटीत अर्धा खाल्लेला पाव दिसला, की मला चेव यायचा. याला चित्र म्हणतात होय, असं मी मुद्दाम म्हणायचे. तू चष्मा काढून पुसायचास. रंग लावणं कुणालाही येतं, कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, असं तुझं उत्तर ठरलेलं. ताग्याला कात्री कुठे लावायची ते मलाही कळतं, मग मी कोण, असं मी एकदा विचारलं. तू नुसतं पुढच्या दारावर क्लिक केलंस.

एकदा मी हट्ट धरला म्हणून तू दगडांच्या ढिगावर क्लिक केलंस. त्या ढिगाखाली पितळी पाटी होती, म्हणजे तो ढीग नव्हता, कलाकृती होती. म्हातारा ओरडत आला आणि त्याने आपल्याला दोन खोल्या मागे नेऊन सोडलं. तीन दुपारी गेल्या त्यात. तेव्हापासून तू कायदा केलास की ज्याच्या खाली पाटी, त्याला हात लावायचा नाही. हा कायदा लक्षात ठेव, भाऊ. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

होळीच्या आधी तू बाजारातून येताना सायकल धरून रस्त्यातच उभा राहिलास. मग नागपूर, तपासण्या, आणि डॉक्टर म्हणाले की तीन ठिकाणी अडलंय, छाती उघडावी लागेल. एप्रिलमधला एक गुरुवार मिळाला. तू घरी आलास, हातपाय धुतलेस आणि कॉम्प्युटर लावलास. वहिनीला म्हणालास, हा खेळ संपू दे, मग मी मोकळा, मग कुठेही न्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दुकानात आली. हातात तिची मोरपंखी साडी होती, मॅचिंग दाखवते असं घरी सांगून आलेली. साडी काउंटरवर पसरली आणि साडीकडेच बघत बोलली. सुमनबाई, ते तुमचं ऐकतेत. तो खेळ एकदाचा संपवा, पाया पडते तुमच्या. मी साडीला ब्लाऊजपीस काढून दिला, घडी करून पिशवीत घातला आणि गुरुवारच्या आत संपवते, असं सांगितलं. शब्द दिला म्हण. त्या दिवसापासून मला ताक कडू लागायला लागलं.

आणि गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी आपण या खोलीत पोचलो.

भिंतभर एकच लाल. दुसरं काही नाही, रेघ नाही, ठिपका नाही. चित्राला एका कोपऱ्यात पोपडा गेलेला, तो रंगवायचा आहे, आणि बारा डब्यांतला कोणता लाल या चित्राचा, ते म्हातारा विचारतो. तीन संधी. तू माझ्याकडे बघून हसलास. म्हणालास, घे, तुझंच दुकान आलं.

मी बघितलं आणि मला पहिल्यांदा काय दिसलं ते तुला आठवतं? छताला एक बल्ब होता, पिवळा. आणि डब्यांवर पांढरा उजेड होता, बाहेरच्या वऱ्हांड्यातला. पिवळ्या बल्बखाली लाल कधी खरा दिसत नाही, हे माझ्या दुकानात झाडू मारणारीलाही माहीत आहे. म्हणून तर मी प्रत्येक बाईला कापड घेऊन दारात उभं करते, उन्हात पाहून घ्या म्हणते, मगच कात्री लावते. डाव्या भिंतीवर लाकडी झडपा लावलेली खिडकी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, थे खिडकी उघड पहिले."

तू वाकून बघितलंस. खिडकीखाली पितळी पाटी होती. तू हसलास, भाऊ. शाळेतल्या पोरीला हसावं तसा हसलास.

"ते चित्र आहे, बाई. खिडकीचं चित्र. मॉडर्न आर्ट म्हणतात त्याला."

बस, झालं. मी म्हणू शकत होते की बिजागरी दिसून राह्यली, झडपेच्या फटीतून उजेडाची रेघ दिसून राह्यली, मले दिसते ना, दिसते तेच सांगायला बसवलं ना तू मले. पण म्हणाले नाही. मी रुसून फुगले. तुला सगळं कळतं ना, मग कर तुझं तू. मी पदराने वारा घेत बसले आणि तू एकटाच डबे बघत राहिलास. या फुगण्याचा हिशोब मी गेले पंधरा दिवस मांडतेय.

शनिवारी मी यायच्या आधीच तू पाच नंबर उचलून बसला होतास. चुकला. मी आले तर तू खुर्चीत पाठ टेकून, तोंड पडलेलं. शेंदराच्या अंगाचा लाल होता तो. मी म्हटलं, मले विचारलं असतं तं हात तुटला असता काय? तू म्हणालास, तू बोलत नव्हतीस ना माझ्याशी. खरं होतं ते.

मग सोमवार. आता तीनच दिवस हातात, वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, कूलर गरम हवा फेकतोय आणि मी हट्टाला पेटलेली. खिडकीचं नाव मी पुन्हा काढणार नव्हते, माझं नाक मध्ये आलं होतं. पण उजेडात बघितल्याशिवाय मी लाल सांगत नाही, हेही खरं. म्हणून मी काय म्हणावं? म्हटलं, टेबल अंगणात घे.

आणि तू घेतलंस! तुझ्या छातीची ती अवस्था, तरी एका बाजूने तू, एका बाजूने मी, मधून वहिनी ओरडत, आपण टेबलासकट कॉम्प्युटर ओढत दाराबाहेर नेला. वायर पुरेना तर वहिनीच्या मिक्सरचं एक्स्टेन्शन आणलं. एप्रिलचं दुपारचं ऊन. पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. नुसती आपली दोघांची तोंडं दिसत होती त्या काचेत, घामेजलेली, डोळे बारीक केलेली. समोरचे पेन्शनर काका फाटकातून म्हणाले, काय सर, उन्हात टीव्ही वाळवून राह्यले काय? तू इतका हसलास की मला भीती वाटली. बल्ब चित्रातला, आणि मी ऊन आणलं अंगणातलं. बावळटपणाची हद्द झाली. पण त्या पाच मिनिटांत तू निरोगी माणसासारखा हसत होतास, आणि मी आता डोळे मिटले की तेच बघते.

टेबल आत आणलं. मी डोळे चोळले आणि आठ नंबर सांगितला. कुंकवाचा लाल. माझी खात्री होती. तू विचारलंस, नक्की? मी म्हटलं, तीस वर्षं झाली, माझ्या हातून एक ब्लाऊजपीस परत आला नाही. तू आठ उचललास. चुकला.

तुला काय वाटलं ते मी बघितलंच नाही, मी माझ्याच हाताकडे बघत होते. घरी गेले, जेवले नाही. मंगळवारी दुपारी आले तर तू शांत बसलेला. म्हणालास, नागपूरला फोन केला, तारीख आठ दिवस पुढे घेतली. घाई नको. तुझा डोळा निवू दे, मग शांतपणे तिसरा डबा उचलू.

मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं तू माझ्यासाठी थांबलास. मी हरले होते, माझी लाज राखायला तू तारीख पुढे ढकललीस. वहिनीलाही तसंच वाटलं. ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही, तेरवीपर्यंत. मी रोज यायचे, डब्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, आज नको, माझं मन होत नाही. तू म्हणायचास, बरं, आज नको. आठ दिवस, भाऊ. एक बोट दाबायला आठ दिवस लावले आपण. नुसतं ताक प्यायचो आणि त्या म्हाताऱ्याच्या स्टुलाकडे बघत बसायचो.

रविवारी तू मला फाटकापर्यंत सोडायला आलास. स्कूटी सुरू केली होती मी. हँडलवर हात ठेवून विचारलंस,

"सुमे, येशील काय संगं नागपूरले?"

मी काय म्हटलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं.

"भर लगनसराई आहे भाऊ. मी नसली तं लोकायचे लगन अडते. वहिनी आहे ना, मुग्धा येऊन राह्यली ना."

तू हात काढून घेतलास. म्हणालास, हो, ते बी खरं आहे. हळू जाजो.

मंगळवारी सकाळी तू चहा पिता पिता गेलास. वहिनी बिस्किटांचा डबा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. गुरुवारला दोन दिवस होते. मी आले तेव्हा कप अजून कोमट होता, असं मला वाटलं. खरं असेल नसेल.

आता तेरवीचं सांगते, कारण तुला ते माहीत नाही. पंगत उठल्यावर एक बाई माझ्याकडे आली, तुझी जुनी विद्यार्थिनी, आता वर्ध्याला पिपरी मेघेत राहते, तिथे पोरांना चित्रकला शिकवते. मला म्हणाली, तुम्हीच काय त्या मॅचिंगवाल्या? सर आम्हाला तुमच्या दुकानात पाठवायचे. म्हणायचे, लाल किती असतात ते पुस्तकात नाही दिसणार, माझ्या बहिणीच्या फळीवर जाऊन पहा. आम्ही उभ्या राहायचो आणि तुम्ही हाकलून द्यायच्या.

मला आठवल्या त्या पोरी. दोन वेण्या, हातात काही घ्यायचं नाही, नुसतं ताग्यांकडे तोंड वर करून बघत उभ्या. गिऱ्हाइकाची वाट अडवतात म्हणून मी खेकसायचे. किती वर्षं पाठवत होतास रे? एकदाही बोलला नाहीस. मी कोण, असं विचारलं होतं ना मी तुला. त्याचं उत्तर तू भलत्यांना देत होतास, शाळेत, फळ्यासमोर. मला दिलं असतंस तर मी काय डोक्यावर बसले असते?

तर हे इथवर आठवून झालं, आणि एकच गोष्ट सांगायची राहिली. तुझी वही. खेळाच्या वरच्या कोपऱ्यातली. मी ती कधी उघडली नव्हती. तू माझा गल्ला उघडत नव्हतास, मी तुझी वही उघडत नव्हते. आज उघडली. हे लिहायला बसले ते त्यानंतर.

आपली भाषा तू इंग्रजी अक्षरांत लिहिली आहेस. मला ती अक्षरं लावत लावत वाचावी लागली. बरंचसं कोड्यांचं आहे, कोणती किल्ली कुठे, कोणती खूण कशाची. मध्ये मध्ये माझं नाव. दोरीचं कोडं सुमीने सोडवलं, तिला वाटतं दोघांनी सोडवलं, असं एका ठिकाणी. सुमीचा डोळा माझ्यापेक्षा चांगला, तिला सांगायचं नाही, असं एका ठिकाणी. मी वाचून हसले पण. आणि मग शेवटचं पान. मंगळवारचं. आठ नंबर चुकला त्याच्या दुसऱ्या सकाळचं, मी यायच्या आधीचं.

मी ते पेन्सिलीने इथे उतरवून घेतलंय, खेळातली वही पुसली गेली तरी राहावं म्हणून.

"सकाळी एकट्याने पाहिलं. खिडकीच निघाली. सुमी बरोबर होती. डबा नंबर दोन. खिडकी परत लावून घेतली. आज दोन उचलला तर परवा जावं लागेल. आठ दिवस पुढे घेतो. भेव वाटते. सुमीले विचारून पाहतो, येते काय संगं."

भाऊ. तुले मालूम होतं. आठ दिवस तू माह्या बाजूले बसून ताक पेला, मी त्या डब्यायकडे पाहून मरून राह्यली होती, वहिनी माह्याशी बोलत नव्हती, अन् तुले उत्तर मालूम होतं. मी पंधरा दिवस झाले स्वतःले खाऊन राह्यली. मले वाटे, मी त्या दिवशी फुगली नसती, खिडकी खिडकी म्हनून तुह्या डोक्यावर बसली असती, तं खेळ शनिवारीच संपला असता, गुरुवारी तुही छाती दुरुस्त झाली असती. मी तुले मारलं, असं वाटे मले. अन् तू सोता खिडकी लावून घेतली. काऊन रे? भेव वाटते तं म्हनायचं होतं ना. घरच्या मानसाले म्हनायचं होतं. मुग्धाले, वहिनीले, मले. त्या इंग्रजी अक्षरात लिहून काय फायदा, त्या स्टुलावरच्या म्हाताऱ्याले तं मराठी येत नाई.

एवढं लिहिलं आणि थांबले. कारण पुढची ओळ तिथेच आहे, मीच उतरवलेली. तू म्हणाला होतास. वहीत लिहिलंस आणि रविवारी फाटकात येऊन म्हणालासही. तुझी म्हणायची रीतच ती, एकदा म्हणायचं, तेही हँडलवर हात ठेवून. कापडाचा रंग मला दहा हातांवरून कळतो. तुझ्या तोंडाचा रंग हातभरावरून कळला नाही. मी स्कूटीचा आरसा सारखा करत होते तेव्हा.

आता खिडकीवर क्लिक करते.

केलं. म्हातारा ओरडला नाही. पाटी नुसती खिळ्याने ठोकलेली होती, कुणीतरी उगीच. झडपा उघडल्या, बल्ब विझला, बाहेरचा उजेड थेट भिंतीवर आला. भाऊ, तो शेंदराचा नव्हता आणि कुंकवाचाही नव्हता. राणी रंगाच्या अंगाचा लाल आहे तो. नवरीच्या शालूचा. या महिन्यात मी याच रंगाचे तागेच्या तागे कापलेत. दोन नंबर. तू बरोबर लिहिलंस. तुझाही डोळा चांगला होता, मास्तर, उजेड मिळाल्यावर.

दोन उचलला.

म्हाताऱ्याने स्टूल बाजूला केलं आणि मागचं दार उघडलं. बाहेर रस्ता आहे, एक झाड आहे, बाकी काही नाही. दाराशी एक जाड रजिस्टर आहे, त्यात नाव लिहायला सांगतोय. तू शाळेत पोरांना सांगायचास ना, नाव खाली, उजव्या कोपऱ्यात, लहान अक्षरात, चित्राच्या अंगावर चढवायचं नाही. तसं लिहिलं. तुझं वर, माझं खाली. एका बोटाने लिहायला फार वेळ लागला.

चार वाजून गेले. घड्याळाकडे हात गेला माझा, सवयीने. पण आज मी दुकान उघडलंच नाई, भाऊ. सकाळपासून शटर खाली आहे, भर लगनसराईत. दुपारी फोन येऊन राह्यले होते, मंग थेबी बंद झाले. दुसऱ्या दुकानात गेले असतीन लोकं. कोनाचंच लगन अडलं नाई.